सिव्हिलायझेशनचा पुढचा भाग : आपण नेमके काय मागायचे?

धागाकर्ता : गिरगावकर

'सिव्हिलायझेशन' या राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांच्या मालिकेचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि तेव्हापासून ही मालिका जिवापाड जपणाऱ्या मंडळींत सरळ दोन तट पडले आहेत. तक्रारींच्या याद्या पुष्कळ झाल्या. पुढच्या भागाकडून, किंवा याच भागाच्या येणाऱ्या विस्तारांकडून (म्हणजे नंतर विकल्या जाणाऱ्या पुरवण्यांकडून), आपण काय मागतो आहोत आणि का मागतो आहोत, याचा सविस्तर विचार मराठीत झालेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी तिसऱ्या भागापासून खेळतो. तो २००१ साली आला आणि ठाकुरद्वारच्या आमच्या सायबर कॅफेत त्यानंतर वर्षभराने पोहोचला. तिथली बाकीची मुले 'एज ऑफ एम्पायर्स' खेळत, कारण तासाभराच्या भाड्यात त्यांचा एक डाव पुरा होत असे. आमचा डाव तीन-चार रविवार चालायचा. कॅफेवाले काका रात्री सगळे संगणक पुसून पूर्ववत करीत, म्हणून सेव्ह केलेला डाव फ्लॉपीवर घेऊन घरी जायचे आणि पुढच्या रविवारी ती फ्लॉपी खिशात घालून परत यायचे, असा आमचा नेम होता. एकदा ती फ्लॉपी बिघडली आणि इसवी सनपूर्व ४००० पासून वाढवत आणलेले राज्य गेले. ते दुःख मला आजही आठवते, कारण गेले ते नुसते गुण नव्हते. पहिले शहर कुठे वसवले, कोणत्या नदीसाठी शेजाऱ्याशी वैर घेतले, कोणते आश्चर्य, म्हणजे जगप्रसिद्ध वास्तू, दोन टर्नांनी (दोन खेळ्यांनी) हुकले, ही सगळी लांबलचक गोष्ट त्या फ्लॉपीत होती.

सध्या ही मालिका बनवणाऱ्या फिरॅक्सिस कंपनीत नव्या भागासाठी एक नियम सांगितला जातो : एक तृतीयांश जुने तसेच ठेवायचे, एक तृतीयांश सुधारायचे आणि एक तृतीयांश नवे आणायचे. नियम शहाणपणाचा आहे, आणि मालिकेने धाडस केले म्हणून ती १९९१ पासून टिकली, हेही मला मान्य आहे. २०१० मध्ये पाचव्या भागाने नकाशावरची चौकोनी घरे घालवून षटकोनी घरे आणली आणि एका घरात एकच लष्करी तुकडी राहील असे ठरवले, तेव्हा जुनी मंडळी खवळली होती. चौथ्या भागातला धर्म आणि हेरगिरी त्यात नव्हती. ती २०१२ च्या 'गॉड्स अँड किंग्ज' विस्ताराने परत आणली आणि २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'नंतर तोच भाग अनेकांचा लाडका झाला. २०१६ च्या सहाव्या भागाने शहराचे वेगवेगळे विभाग नकाशावर पसरवले, त्याचे रंग पोरकट आहेत म्हणून ओरड झाली, आणि आज त्याच भागाचे दाखले देऊन सातव्याला नावे ठेवली जातात. त्यामुळे 'नवे आहे म्हणून वाईट' हा सूर मला लावायचा नाही.

सातव्या भागात खेळाची तीन युगे केली आहेत : प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. मूळ आवृत्तीतली रीत अशी : युग संपले की सगळ्यांचेच एकदम संपते. चालू युद्धे थांबतात, राजधानी सोडून बहुतेक शहरे पुन्हा छोट्या नगरांच्या पातळीवर येतात, सेनापतींच्या हाताखाली न मावणारे सैन्य नाहीसे होते, आणि आपण नवी संस्कृती, म्हणजे आपण चालवतो ते राष्ट्र, निवडतो. नेता तेवढा तोच राहतो. खेळाच्या कर्त्यांनी यामागे दिलेले कारण मला मनापासून पटते : इतिहास थरांनी बनतो, एका शहरावर दुसरे शहर उभे राहते. मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. आपल्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, वाळकेश्वरला शिलाहारांच्या काळाशी सांगितले जाणारे बाणगंगेचे तळे आहे, वसईला पोर्तुगीजांचा कोट आहे आणि फोर्टात इंग्रजांच्या इमारती आहेत. अशा गावात राहणाऱ्याला थरांची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

माझी हरकत थरांना नाही, त्यांच्यामधल्या सांध्याला आहे. मुंबईत एक थर जाऊन दुसरा आला तो कशाने तरी आला : लग्नातल्या आंदणाने, तहाने, लढाईने, दुष्काळाने किंवा व्यापाराने. १६६१ च्या विवाहकराराने हे बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. हा सांधा डोळ्यांना दिसतो. खेळात मात्र पडदा पडतो, तक्ता येतो, आणि पडदा उघडला की मी दुसराच कोणी झालेलो असतो. युगाच्या अखेरीला संकटे येतात हे खरे, परंतु त्या संकटाला मी कसे तोंड दिले यावरून मी पुढे कोण होणार हे ठरत नाही. पुढच्या भागाकडून माझी पहिली मागणी हीच आहे की युगांतर हे माझ्या खेळण्याचे फळ असावे. मी समुद्राकडे वळलो असेन तर दर्यावर्दी वारसा मिळावा, प्रजा बंड करून उठली असेल तर त्या बंडातून नवे राज्य जन्माला यावे, आणि मला जुनेच नाव टिकवायचे असेल तर त्याची जबर किंमत मोजून ते टिकवताही यावे.

आपली मते सविस्तर लिहावीत ही विनंती.

प्रतिसाद १ : कल्याणची वाचक

धागा वाचून फार बरे वाटले. तुमच्या सांध्याच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु 'पाचव्या भागालाही सुरुवातीला नावे ठेवली होती' हा दाखला मला घातक वाटतो. तो दाखला दिला की अपुरा खेळ विकणे ही मालिकेची परंपराच ठरते. सातवा भाग आला त्या दिवशी त्यात डाव संपल्यावर पुढे खेळत राहण्याची, म्हणजे 'आणखी एक टर्न'ची सोय नव्हती. ज्या मालिकेची ओळखच त्या तीन शब्दांनी होते, तिच्यात ती एप्रिलच्या पॅचपर्यंत, म्हणजे दुरुस्ती-आवृत्तीपर्यंत, नसावी, याचे मला अजून नवल वाटते. पडद्यावरची माहिती इतकी त्रोटक होती की एखाद्या इमारतीने नेमके काय वाढले हे शोधायला मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली जोडणी, घ्यावे लागले, आणि ते मॉड करणारे लोक विनामोबदला काम करीत होते.

माझी अपेक्षा म्हणून अगदी साधी आहे. पहिल्या दिवशी मिळणारा खेळ पूर्ण असावा. संस्कृती कमी असल्या तरी चालतील, विस्तार नंतर विकत घेऊ, परंतु नकाशा, माहिती आणि शेवट या तीन गोष्टी पुऱ्या असल्याशिवाय तो बाजारात आणू नये. पहिल्या आवृत्तीतले नकाशे तर असे होते की दोन खंडांच्या मधली बेटांची रांग प्रत्येक डावात जवळजवळ ओळीत उभी असे. अज्ञात किनारा उजळताना जो थरार वाटतो त्यासाठी मी हा खेळ खेळते, आणि तोच थरार त्या नकाशांनी घालवला होता. नंतर नकाशे सुधारले हे प्रामाणिकपणे नोंदवते.

प्रतिसाद २ : सायनकर

गिरगावकर, तुम्ही युगांतराचा विषय काढलात आणि मराठ्यांचा उल्लेख टाळलात. तो टाळून ही चर्चा पुढे जाऊ शकत नाही असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या मालिकेत भारत पहिल्या भागापासून आहे आणि सहाव्या भागापर्यंत त्याचा चेहरा महात्मा गांधींचा होता. चौथ्या भागात सोबतीला अशोक आला, सहाव्याच्या २०१८ मधल्या 'राइज अँड फॉल' विस्तारात चंद्रगुप्त आला. गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटतात ती प्रसिद्ध कथा पहिल्या भागातल्या आकड्यांच्या चुकीतून आली असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०२० मधल्या आपल्या आत्मकथनात तशी चूक नव्हतीच असे स्पष्ट केले. पाचव्या भागात भारताच्या खास गुणाचे नाव 'लोकसंख्यावाढ' असे होते. सहाव्यात आपल्याला बारव मिळाली, आणि ती नकाशावर पाहून मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तरीही या सगळ्या भागांत पाच हजार वर्षांचा देश एकाच नावाखाली बसवलेला होता.

सातव्या भागाने ती गाठ प्रथमच सोडवली. प्राचीन युगात मौर्य, शोधयुगात चोळ, आधुनिक युगात मुघल. चोळांना मिळालेला मान योग्यच आहे. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाचे आरमार आग्नेय आशियातल्या श्रीविजयापर्यंत गेले होते, त्यांच्या वाट्याला समुद्र यायलाच हवा होता. परंतु आधुनिक युगाचे काय? खेळातले आधुनिक युग साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते. त्या काळात दिल्लीची पातशाही कोणाच्या आधारावर उभी होती? १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. १७६१ मध्ये पानिपत झाले आणि त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. महादजी शिंद्यांच्या पाठबळावर मुघल बादशहा शाह आलम राजधानीत परतला. खेळाने स्वतःच आखलेल्या कालमर्यादेत भारतातली सर्वांत मोठी एतद्देशीय सत्ता मराठ्यांची होती, आणि नेमकी तीच त्यात नाही.

हे केवळ अभिमानापोटी लिहीत नाही. इतर खेळांना हे जमले आहे. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठा संघराज्य खेळता येते आणि २०१३ च्या 'युरोपा युनिव्हर्सालिस फोर'मध्ये मराठा राज्य घडवता येते. शिवाय मराठ्यांची राज्यपद्धती नियमांत बसवण्याजोगी आहे, हा माझा खरा मुद्दा आहे. चौथ आणि सरदेशमुखी घ्या : दुसऱ्याचे शहर न जिंकता त्याच्या उत्पन्नातला वाटा घेण्याचा हा हक्क होता, आणि सातव्या भागात शहरांच्या संख्येला मर्यादा असल्यामुळे असा हक्क तिथे फारच शोभेल. बारगीर आणि शिलेदार घ्या : बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. एक तुकडी महाग पण भरवशाची, दुसरी स्वस्त पण लूट न मिळाल्यास पांगणारी. संघराज्य घ्या : शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या हाती एकेक प्रांत गेला की राज्य झपाट्याने वाढते, मात्र मध्यवर्ती सत्तेचा ताबा सुटत जातो. यातला प्रत्येक नियम खेळाडूला खरी निवड करायला लावतो.

प्रतिसाद ३ : विरार लोकल

मी सहावा भाग फोनवर खेळतो, विरारहून चर्चगेटला जाताना आणि येताना. टर्नवर चालणारा खेळ लोकलसाठीच केल्यासारखा आहे. बोरीवलीला गर्दी आत आली की फोन खिशात जातो, अंधेरीला जरा हात हलला की तोच टर्न तिथेच थांबलेला सापडतो. माझी अपेक्षा एवढीच की पुढचा भाग साध्या यंत्रावर चालावा. घरातल्या एका खोलीत चौघे असताना मोठा संगणक ठेवायला सगळ्यांकडे जागा नसते, आणि या खेळाचा गाभा चित्रांच्या झगमगाटावर अवलंबून नाही.

सायनकर, तुमचे शिलेदार वाचून अंगावर काटा आला.

प्रतिसाद ४ : अंधेरी पूर्व

मी सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात काम करतो, खेळांच्या नव्हे, तरी संगणकाच्या खेळण्याबद्दल जे लिहावेसे वाटते ते लिहितो. वरच्या सर्व मागण्या मला मान्य आहेत, परंतु संगणक प्रतिस्पर्धी नीट खेळत नसेल तर त्या सर्व व्यर्थ आहेत. मराठे आले आणि समोरचा औरंगजेब आपले हत्ती एकामागून एक दरीत उभे करीत राहिला, तर गनिमी काव्याला अर्थ काय उरेल?

चौथ्या भागात एका घरात हव्या तेवढ्या तुकड्या ठेवता येत. संगणकाला एक मोठा गठ्ठा करून तो शत्रूच्या शहराकडे ढकलता येत असे, आणि तेवढ्यानेही तो भीतिदायक वाटे. पाचव्या भागात एका घरात एकच तुकडी आली आणि हिशोबच बदलला. मोकळ्या मैदानावर दोन घरे चालणाऱ्या तुकडीला जागेवर राहण्यासह एकोणीस पर्याय असतात. अशा दहा तुकड्यांचे एकत्र पर्याय मोजले तर आकडा ढोबळ मानाने सहा लाख कोटींच्या घरात जातो, आणि यात कोणी कोणावर वार करायचा हे अजून धरलेलेच नाही. माणूस हे पर्याय मोजत नाही. तो डोंगर पाहतो, खिंड पाहतो आणि धनुर्धारी मागे ठेवतो. संगणकाला तो आकार दिसत नाही. म्हणून कठीण पातळीवर त्याला शहाणपण देण्याऐवजी वाढीव सामग्री दिली जाते : सहाव्या भागाच्या सर्वोच्च पातळीवर त्याला सुरुवातीलाच एकाऐवजी तीन सेटलर, म्हणजे नवे शहर वसवणाऱ्या तुकड्या, मिळतात. पहिल्या शंभर टर्नांत तो पुढे असतो, नंतर आपण त्याला गाठले की सामना संपल्यातच जमा होतो आणि उरलेले तास केवळ शेवट गाठण्यासाठी खेळायचे असतात.

सातव्या भागात सेनापती आले, सुरुवातीला चार आणि बढतीनंतर सहा तुकड्या एकाखाली बांधून चालवता येऊ लागल्या, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे असे मी मानतो. चढाईची सूत्रे आणि रणांगणावरची मांडणी या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या.

यापुढची माझी मागणी फिरॅक्सिसने पूर्वी स्वतःच पुरी केलेली आहे. चौथ्या आणि पाचव्या भागांच्या गाभ्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, त्यांनी मॉड करणाऱ्यांना खुला केला होता. त्यातूनच पाचव्या भागासाठी 'व्हॉक्स पॉप्युली' हे चाहत्यांचे मॉड उभे राहिले, आणि त्यातला संगणक मूळ खेळाच्या संगणकापेक्षा कितीतरी समजूतदारपणे लढतो. सहाव्या भागात अशी मोकळीक मिळाली नाही. ते दार पुन्हा उघडावे. मराठे कंपनीने दिले नाहीत तरी आपण ते पूर्ण ताकदीनिशी घडवू शकू, कारण तेव्हा नवे नियमही लिहिता येतील. आजच्या मॉडांत बहुतेक वेळा असलेल्याच नियमांचे आकडे बदलावे लागतात.

प्रतिसाद ५ : परळची ताई

सायनकरांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, मात्र एका प्रश्नावर आपण आधीच स्पष्ट असले पाहिजे, नाहीतर उद्या मराठे आल्यावर भांडण आपल्यातच होईल. मराठ्यांचा नेता कोण असावा?

बहुतेकांच्या ओठांवर एकच नाव येईल. माझ्याही येते. परंतु हा खेळ कसा चालतो ते आठवावे. नेते समोरासमोर उभे राहून बोलतात, एकमेकांचा धिक्कार करतात, हरले की मान खाली घालतात. संगणकाच्या हाती दिलेला नेता कधी विनाकारण तह मोडतो, कधी दुबळ्या शेजाऱ्यावर चालून जातो. महाराजांना मी त्या जागी पाहू शकणार नाही, आणि दुसऱ्या देशातल्या एखाद्या खेळाडूने ते जिंकल्याच्या आनंदात काही लिहिले तर मला ते सोसवणार नाही. हा माझा हळवेपणा असेल, पण तो माझ्या एकटीचा नाही याची मला खात्री आहे.

सातव्या भागात नेता राज्यकर्ताच असावा असे बंधन राहिलेले नाही. बेंजामिन फ्रँकलिन आहेत, मॅकियाव्हेली आहे, इब्न बतूता आहे. नेता आणि संस्कृती यांची गाठही सुटलेली आहे. म्हणून माझी सूचना अहिल्याबाई होळकरांची आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले, महेश्वर ही राजधानी केली, काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधले, आणि आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे घाट, विहिरी, धर्मशाळा बांधत गेल्या. दुसऱ्यांच्या प्रदेशात बांधकाम करून प्रभाव मिळवणारा नेता या मालिकेत मला आठवत नाही. लढाऊ नेतृत्वच हवे असेल तर महाराणी ताराबाई आहेत. १७०० पासून १७०७ पर्यंत, औरंगजेब दख्खनेतच मरेपर्यंत, त्यांनी राज्य लढते ठेवले.

राणी लक्ष्मीबाई सातव्या भागाच्या एका विस्तारातून आल्याच आहेत, हे इथे कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. त्या माहेरच्या तांबे घराण्यातल्या आणि झाशी नेवाळकरांची. म्हणजे मराठी घरातली एक राणी खेळात आहे आणि तिला चालवायला मराठी राज्य नाही.

प्रतिसाद ६ : सायनकर

ताई, तुमचे म्हणणे वाचून मी थांबलो. महाराज नेते म्हणून यावेत असेच मी मनात धरून चाललो होतो. मंगोलांनी चंगीझखानाला, फ्रेंचांनी नेपोलियनला खेळात पाहिले आणि त्यांचा मान कमी झाला नाही, हा माझा युक्तिवाद अजूनही मला पूर्णपणे सोडवत नाही. जगातल्या लाखो मुलांनी ते नाव प्रथम खेळात वाचावे आणि मग इतिहास उघडावा, ही इच्छा खरी आहे. परंतु संगणकाच्या हातातल्या नेत्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते मी विचारात घेतलेच नव्हते. अहिल्याबाईंचा परराज्यातल्या बांधकामाचा गुण मला अतिशय आवडला. चौथाईच्या नेमका उलट आहे तो. एक वाटा घेतो, दुसरा देतो, आणि दोन्ही एकाच राज्यव्यवस्थेतले.

प्रतिसाद ७ : कल्याणची वाचक

मला एक शंका आहे. मराठे आधुनिक युगात घातले तर राज्याभिषेकाचे १६७४ हे वर्ष मागच्या युगात राहते आणि १८१८ नंतर आधुनिक युगाची शंभराहून अधिक वर्षे उरतात, ज्यांत रेल्वे, कारखाने आणि अवकाशात माणूस पाठवायचा असतो. शोधयुगात घातले तर गड आणि आरमार शोभते, परंतु त्या युगाचा आर्थिक मार्ग दूरच्या खंडांतून खजिना भरून आणण्याचा आहे. आपल्या लोकांनी तसे कधी केले? कोणते युग हवे?

प्रतिसाद ८ : गिरगावकर

कल्याणच्या ताईंनी विचारलेला प्रश्न या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे असे मला वाटते, आणि मूळ लेख लिहिताना मला जे नीट सांगता आले नव्हते ते त्यामुळे सापडले.

शोधयुगात दूरचा खंड म्हणजे जिथे खजिना आहे तो, आणि मायभूमी म्हणजे जिथून जहाजे सुटतात ती. ही लिस्बनहून पाहिलेली दुनिया आहे. आपण दुसऱ्या टोकाला होतो. मिरी, कापड आणि घोडे यांचा व्यापार अरबी समुद्रावर युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. सोपारा, ठाणे, चौल, दाभोळ ही बंदरे कोणी शोधून काढण्याची वाट पाहत नव्हती. माझ्या या मतामागे एक छोटीशी गोष्ट आहे. सातव्या भागात अशोक नेता आहे हे कळले त्या आठवड्यात मी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे, जो १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला. विरार लोकल ज्या नालासोपाऱ्यावरून रोज जातात तेच ते सोपारा. ज्या बंदरावर सम्राटाने आपली आज्ञा कोरून लावली ते कोणत्या अर्थाने 'दूरचे' होते?

म्हणून ताई, माझे उत्तर असे आहे की मराठे शोधयुगात यावेत आणि त्यांनी त्या युगाचा आर्थिक मार्ग उलटा खेळावा. त्यांनी खजिना आणू नये. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या खजिन्याच्या जहाजांकडे त्यांनी परवाना मागावा. कान्होजी आंग्र्यांनी नेमके हेच केले. पोर्तुगीज या समुद्रावर आपला कार्ताझ, म्हणजे परवाना, सगळ्यांवर लादत होते. आंग्र्यांनी आपले दस्तक लागू केले आणि ते न घेणाऱ्या जहाजांना अडवले. हा नियम खेळात आला तर इतर खेळाडूंना आपल्याशी तह करावा लागेल, लांबचा मार्ग घ्यावा लागेल किंवा लढावे लागेल. सायनकरांचा चौथाईचा नियम जमिनीवर जे करतो तेच हा पाण्यावर करतो, म्हणजे दोन्ही मिळून एकच गुण होऊ शकतो.

आणि जहाजे. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घालून पाहिला. मराठ्यांची लहान, उथळ तळाची गलबते आणि संगमेश्वरी होड्या रात्री किनाऱ्याच्या कडेने, वाऱ्याविना वल्ह्यांवर, रसद पोहोचवीत राहिल्या आणि इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात अडकून पाहत राहिली. सातव्या भागात जहाजे चालवता येतील अशा नद्या आधीच आहेत. किनारा आणि नदी यांत वेगाने जाणारे, खोल समुद्रात दुबळे असे गलबत त्यात सहज बसते. अंधेरीकर म्हणतील तसा संगणकालाही हा नियम समजण्याजोगा आहे, कारण कुठे जायचे नाही हे त्याला नकाशाच सांगतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत हीच खांदेरी आहे. गडांना खेळात जागा मिळावी यासाठी कंपनीपुढे ठेवायला याहून भक्कम आधार मिळणार नाही.

माझी मूळ मागणी होती की एका युगातले कर्म पुढच्या युगात उतरावे. फिरॅक्सिसनेही नंतर एकच संस्कृती अखेरपर्यंत खेळता येईल अशी सोय करण्याचे जाहीर केले, म्हणजे चाहत्यांचे म्हणणे तिथे पोहोचते आहे. तेव्हा मराठ्यांचे युगांतर कसे असेल? शोधयुगाच्या अखेरीला किती सरदारांना प्रांत वाटले यावर आधुनिक युगात ते एकसंध राज्य म्हणून उभे राहतील की चार स्वतंत्र घराणी म्हणून, हे ठरावे. १८१८ टाळता येते का, हे खेळाडूला स्वतःच्या हातांनी पाहता यावे. मला हा डाव खेळायचा आहे.

प्रतिसाद ९ : अंधेरी पूर्व

गलबताचा नियम संगणकाला समजेल, खात्रीने सांगतो. चौथाईचा मात्र त्याला आधी हिशोब शिकवावा लागेल, की देणे परवडते की लढणे. तो मी लिहून पाहतो; साध्या तक्त्यात मांडला तरी आकडे कुठे फसतात ते कळेल.

प्रतिसाद १० : परळची ताई

नेत्यांची टिपणे माझ्याकडे असू द्या. अहिल्याबाई आणि ताराबाई, दोघींची. कोणत्या गोष्टीने त्या प्रसन्न होतील आणि कोणत्या गोष्टीने रागावतील, हे प्रत्येक नेत्यासाठी ठरवावे लागते, आणि ते इतिहासाला धरून असावे.

प्रतिसाद ११ : गिरगावकर

उत्तम. मग असे करू. कंपनीच्या सूचना-विभागात पाठवायचा मसुदा आधी मराठीत पूर्ण करू, म्हणजे आपल्याला काय म्हणायचे आहे ते आपल्याच भाषेत पक्के होईल, आणि मग त्याचे इंग्रजी करू. गलबते आणि दस्तक मी लिहितो. बारा किल्ल्यांच्या आधारे खेळात कोणते दोन किंवा तीन गुण गडाला द्यावेत हे सायनकरांनी निवडावे. माझ्या मते पाणी साठवणे आणि वेढ्यात टिकणे हे दोन तरी हवेतच. कल्याणच्या ताईंनी मसुद्यावर शेवटची नजर टाकावी आणि अपुरे वाटेल ते निर्दयपणे परत पाठवावे.